दगडी मूठ

४ फेब्रुवारी

आजपासून मला तोंड उघडायला बंदी आहे. माझ्याच ऑफिसात, मीच रचलेल्या कोड्यांसमोर. नियम बाईसाहेबांनी काढला आणि फळ्यावर लाल शाईने लिहूनही टाकला: बाहेरचं माणूस गेम खेळून बघायला बसलं की तो भाग ज्याने बनवला त्याने मागच्या खुर्चीत बसायचं आणि गप्प राहायचं. खूण नाही, खाकरणं नाही, सुस्कारा नाही. माणूस कुठे अडतं ते नुसतं बघायचं.

"सुस्कारासुद्धा नाही?" मी विचारलं.

"तुमचा सुस्कारा फार बोलका असतो, ताई," बाईसाहेब म्हणाल्या. चित्रकार फिसकन हसला. त्याला मी बघून घेईन.

बाईसाहेब म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. लग्नाआधी ती कुठल्याशा बँकेत लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. अंगावरची हळद उतरते न उतरते तोच धाकट्याने तिला ऑफिसात आणून चाचणीप्रमुख केलं. बाहेरच्या लोकांना गेम खेळायला द्यायचा, ते कुठे रडतात ते टिपायचं आणि येऊन आमच्या उरावर बसायचं, हे तिचं काम. उंटावरून शेळ्या हाकायला पगार मिळतो हे मला माहीत नव्हतं.

ऑफिस दातांच्या दवाखान्याच्या वर आहे, दिवसभर पायाखाली ड्रिल चालू असतं. धाकटा प्रोग्रॅम लिहितो. चित्रकार भिंती आणि देव रंगवतो. कोडी माझी. आमच्या गेममध्ये प्राचीन इजिप्तमधलं एक अजस्र देऊळ आहे, त्याच्या पोटात राणीचं थडगं आणि खेळणारा एकटा, खांद्यावर पिशवी घेऊन. बंदूक नाही, मारामारी नाही. दार उघडायचं तर डोकं चालवायचं.

आणि सगळ्यात शेवटी शेवटची खोली. राणीची शवपेटी तिथे आहे. त्या खोलीचं उत्तर मी कोणालाही सांगितलेलं नाही, धाकट्यालासुद्धा नाही. कोडी जोडायचं अवजार त्याने मला बनवून दिलंय, त्यात मी ती खोली एकटीने जोडली आणि फाइलला पासवर्ड लावला. तीन वर्षांत माझ्या हातून एवढी एकच गोष्ट मनासारखी झाली आहे. तिच्यावर ह्या बाईची सावली पडलेली मला चालणार नाही.

७ फेब्रुवारी

दवाखान्यात नंबर लावणारी मुलगी जेवणाच्या सुट्टीत वर आली. तिला दुसऱ्या चौकात बसवलं. मी मागच्या खुर्चीत, हात मांडीखाली दाबून.

दुसऱ्या चौकात ससाण्याच्या तोंडाचा दगडी देव बसलाय, तळहात पुढे करून. पिशवीतला ब्राँझचा आरसा त्याच्या तळहातावर ठेवला की ऊन वळतं आणि समोरचं दार उघडतं. आरसा उचलला की दार बंद. खरी मेख अशी, की दार उघडं असताना तिथलाच एक दगड खाचेत सरकवायचा, म्हणजे दार अडकून राहतं आणि आरसा परत घेता येतो. आरसा परत घ्यायचाच, कारण शेवटच्या खोलीत त्याच्यावाचून पान हलत नाही.

ती मुलगी आरसा ठेवायची, दार उघडलं की खूश होऊन आरसा उचलायची, दार धाडकन बंद. परत ठेवायची, परत उचलायची. दगड तिच्या पायाशी पडलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी माझ्याच्याने राहवेना.

"दगड, बाई, दगड!" मी ओरडले.

ती उठली, मला म्हणाली, "दगड असाल तुम्ही," आणि खाली निघून गेली. बाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि फळ्याकडे पाहिलं. ते मला चपराकीसारखं लागलं.

१० फेब्रुवारी

सकाळीच बाईसाहेबांचं प्रवचन. आतापर्यंत जेवढे लोक खेळले ते सगळे त्या चौकात आरसा ठेव-उचल करत बसतात, वैतागतात, सोडून देतात. "ताई, इथे जरासं सोपं करूया का?" आवाज मधाळ.

"सोपं कशाला? दारच काढून टाकते. तिथे सरबताची गाडी लावू."

"ताई," धाकटा म्हणाला, "ती कामाचं बोलतेय."

म्हणजे मी बिनकामाचं बोलते. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तिथल्या तिथे अवजार उघडलं आणि सगळ्यांदेखत देवाच्या हाताला मूठ दिली. आरसा ठेवला की बोटं मिटतात, दार उघडतं आणि उघडंच राहतं. दगड नको, खाच नको. मूठ काही परत उघडत नाही.

"घ्या," मी म्हटलं. "ठेव-उचल संपली. देवाला वाहिलेलं परत मागायचं नसतं."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," धाकटा म्हणाला. बाईसाहेबांनी ते करून बघितलं, दगडी बोटं कड्कड् वाजत मिटली, आणि त्यांनी चक्क टाळी वाजवली. मी तिला टोमणा मारायला केलं होतं.

रागात माझं काम झटपट होतं, हे एक बरं आहे.

१९ फेब्रुवारी

मूठ लोकांना फार आवडते आहे. जो तो मूठ मिटताना दचकतो आणि हसतो. चित्रकार म्हणतो, जाहिरातीत मूठच टाकू. घासूनपुसून केलेली कोडी बाजूलाच आणि कौतुक कशाचं, तर रागाच्या भरात केलेल्या मुठीचं. गाढवाला गुळाची चव काय.

बाईसाहेब म्हणाल्या, "ताई, मूठ ही तुमची कमाल आहे." तोंडदेखलं बोलायची सवय बँकेतली असणार.

२ मार्च

शेवटची खोली बाहेरच्या लोकांना खुली झाली. बाईसाहेबांनी निवडलेले लोक घरी बसून गेम पहिल्यापासून खेळतात आणि काय वाटलं ते कळवतात. अजून एकालाही खोली सुटलेली नाही. आज त्यांचं म्हणणं तिने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "मी इथे म्हातारा होईन." "भिंतीवर डोकं आपटून पाहिलं, तेही चालत नाही." "ज्याने ही खोली बनवली त्याला माणसं आवडत नसावीत."

शेवटचं वाचताना तिने आवाज खाली नेला, पण वाचलं.

मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं."

मी माझी खोली जवळजवळ रोज खेळते. देऊळभर हिंडत बसायला लागू नये म्हणून धाकट्याने मला मागेच एक सोय करून दिली आहे. की-बोर्डवर एम दाबलं की मी थेट खोलीत, पिशवीत सगळ्या वस्तू भरलेल्या. आजही खेळले. झाकण लोण्यासारखं सरकलं. खोलीत काडीचाही दोष नाही. दोष लोकांच्या टाळक्यात आहे.

६ मार्च

बाईसाहेब माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. "ताई, खोलीचं उत्तर मला एकटीला सांगाल? मी कोणाला सांगणार नाही. लोक कुठे चुकतात ते मला ताडून बघता येईल."

"उत्तर सांगितलं की कोडं मेलं."

"बरं, मग निदान एवढं सांगा, खोलीत जे आहे त्यातूनच सुटतं, की बाहेरचं काही लागतं?"

बघा, कशी बोटं घालून चाचपते! मी म्हटलं, "हे विचारणं म्हणजे परीक्षेत शेजारच्याच्या वहीत डोकावणं."

तिचे कान लाल झाले. खुर्ची उचलून जागेवर ठेवली, ओढली नाही, आणि गेली.

मग धाकटा आला. त्यालाही नाही सांगितलं. तो म्हणाला, "तू लहानपणापासून अशीच आहेस." लहानपणी मी त्याचा एक बूट लपवायचे आणि घरभर खडूने खुणा करून ठेवायचे. त्याला ते फार आवडायचं. शाळेला उशीर झाला की रडायचा, पण बूट सापडल्याचा आनंद काय वर्णावा. आता तो ते विसरलाय. बायको आली की भाऊ असेच होतात.

११ मार्च

गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीने कळवलं आहे: निदान एका माणसाने शेवटची खोली मदतीवाचून सोडवलेली दिसली पाहिजे. नाहीतर खोली काढा, गेम आधीच्या दालनात संपवा. शेवटची प्रत तेविसाव्या तारखेला जायची आहे.

धाकट्याने हे खिडकीकडे बघत सांगितलं. मी विचारलं, "हे कंपनीला सुचलं की कोणी सुचवलं?"

"कोणी म्हणजे?"

मी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, ती समोरच बसली होती. माणसं ती निवडते. त्यांना खेळायला ती देते. ती कळवते तेवढंच आम्हाला कळतं. ह्यांना अडू द्या, बाहेर पडू देऊ नका, असं तिने चौघांच्या कानात सांगितलं तर मला कसं कळणार? मी हे बोलून दाखवलं. ऑफिसात सुई पडली तरी ऐकू आली असती, पण खाली ड्रिल होतं.

"ताई," ती म्हणाली, "मी तुमची खोली काढावी म्हणून हे करते, असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"मला वाटत नाही, मला दिसतंय."

ती उठून हात धुवायच्या खोलीत गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

१४ मार्च

आई दोन दिवस धाकट्याकडे राहून आली. आल्या आल्या मी विचारलं, काय म्हणते तुझी लाडकी?

"काय म्हणणार? खेळत असते. जेवताना एक हात ताटात, दुसरा त्या यंत्रावर. मी म्हटलं, अगं, घास गार झाला. तर म्हणते, थांबा, ताईंनी इथे असं का केलं असेल ते कळू दे."

"नाटकं."

"माझ्यासमोर कशाला नाटकं करेल? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." आई पाय चोळत बसली. मग म्हणाली, "मला परवा समजावत होती. दारावर किडा कोरलाय तो शेणकिडा, ताईंनी तो उलटा कोरून घेतलाय, म्हणून दार उलटं फिरतं. असं काय काय. तुझ्यासारखंच बोलायला लागलीय, हातवारेसुद्धा तेच. तू घरी कधी ते दाखवलं नाहीस मला."

उलटा शेणकिडा आजवर कोणाच्या लक्षात आला नव्हता. चित्रकाराने तर ती माझी चूक समजून सरळ केला होता, मी तो भांडून परत उलटा करून घेतला. ह्या बाईने तो हेरला म्हणजे ती माझ्या कोड्यांची चिरफाड करते आहे. शत्रूच्या किल्ल्याचा नकाशा असाच काढतात.

आईला म्हटलं, तुला कळणार नाही.

"नसेल कळत," आई म्हणाली. "पण तिला वेळ देता येत नसेल तर निदान शिव्या तरी देऊ नकोस."

१७ मार्च

शेवटी मीच तोंडावर सांगितलं. तुझ्या लोकांवर माझा विश्वास नाही. तुझ्यात धमक असेल तर तूच खेळ, सगळ्यांसमोर, पहिल्या पायरीपासून. तुला सुटलं तर कंपनीची अट पुरी झाली. नाही सुटलं तर तुझी अक्कल किती ते तरी सगळ्यांना दिसेल.

मला वाटलं, कच खाईल. ती म्हणाली, "खेळते. पण तुम्ही मागे बसायचं. नियम सगळ्यांना सारखा."

"बसते की. तोंडाला कुलूप लावून बसते."

धाकटा म्हणाला, "हे काय पोरखेळ चालवलेत तुम्ही दोघींनी?" आम्ही दोघींनी मिळून त्याला गप्प केलं.

२० मार्च

आज झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी ती बसली, मी मागे, धाकटा आणि चित्रकार भिंतीला टेकून. तिचा आणखी एक नियम आहे, खेळणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. त्यामुळे सगळं ऐकावं लागलं. पहिला चौक तिने असा सोडवला की मी खुर्चीत पुढे सरकले. खांबांच्या दालनात चित्रलिपीची ओळ आरशात धरून वाचायची असते, तिथे भलेभले थकतात, ती हसली आणि म्हणाली, "इथे ताईंनी वाचणाऱ्याला आधी मूर्ख बनवलंय, मग शहाणं." अगदी तसंच आहे ते. तिच्या पाठीकडे बघताना मला राग आला, आणि रागाबरोबर दुसरंही काही आलं, त्याला काय म्हणावं ते मला ठाऊक नाही.

मग दुसरा चौक. तिने ससाण्याच्या तळहातावर आरसा ठेवला. दगडी बोटं मिटली. चित्रकार नेहमीप्रमाणे हसला. ती दारातून आत गेली आणि पिशवी उघडून काय उरलंय ते बघितलं. पाण्याची वाटी. सुरी. सोन्याचा गळपट्टा. शेणकिडा.

आरसा नाही.

मी महिनाभर एम दाबून थेट खोलीत उतरत होते, भरलेली पिशवी घेऊन. बाहेरून चालत येणाऱ्याचा आरसा मीच मुठीत बंद करून टाकला होता. जे जे लोक त्या खोलीत कुजले त्यांच्याकडे उत्तर नव्हतंच. कोणाकडेच नव्हतं. देवाधर्माचं सुभाषित म्हणत मी माझं कोडं माझ्या हाताने पुरलं होतं, आणि तेही बाईसाहेबांना टोमणा मारायला.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं, असं आता कोणीही म्हणेल. पण नियम होता. आणि चित्रकार होता. आणि धाकटा. आणि मी सगळ्यांदेखत तिला काय काय बोलले होते.

ती शेवटच्या खोलीत पोचली. छताच्या फटीतून ऊन जमिनीवर पडतं, समोरच्या भिंतीवर राणीचा रंगवलेला चेहरा, डोळे मिटलेले, मध्ये शवपेटी.

"ऊन इथे पडतंय," ती म्हणाली. "राणी तिथे. डोळे मिटलेत. म्हणजे ऊन तिच्या डोळ्यांवर न्यायचं. तिला उठवायचं!" ती थांबली. "अगं बाई. किती सुंदर आहे हे."

उभ्या उभ्या तिने ओळखलं. आत आल्या आल्या. त्या खोलीला आजवर कोणी सुंदर म्हटलं नव्हतं.

"पण ऊन वळवायला आरसा हवा," ती म्हणाली. "आरसा तर देवाला दिला."

"मग चूक असेल काहीतरी," धाकटा म्हणाला.

"छे! ताई अशी चूक करणार नाहीत. त्यांच्या कोड्यात एक खडासुद्धा उगाच नसतो. माझंच काहीतरी बघायचं राहिलंय."

आणि ती शोधायला लागली. वाटीत पाणी घेऊन उन्हात धरलं. सुरी धरली. गळपट्टा धरला. हे सगळं चकाकतं, पण ऊन वळवत नाही, कारण मी फक्त आरशाला ती सोय दिली आहे. मग ती देऊळभर चालत मुठीपर्यंत परत गेली, प्रत्येक बोट ओढून बघितलं. "बरोबर आहे," म्हणाली, "वाहिलेलं परत मागायचं नसतं." तिथून परत खोलीत. मग पुन्हा सगळ्या भिंती. दुपारी धाकट्याने तिच्यापुढे चहा ठेवला, तो तसाच राहिला. चित्रकार कंटाळून कामाला लागला. ती मात्र एकेक दगड दाबून बघत होती. खाली दवाखाना बंद झाला तेव्हा तिने हात खाली ठेवले आणि खुर्ची माझ्याकडे फिरवली. डोळे लाल झाले होते.

"ताई, मला नाही जमलं. माझीच अक्कल कमी पडली. पण मी विचार केला तो बरोबर दिशेने होता की नाही, एवढंच सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात वर केला आणि फळ्यावरच्या नियमाकडे बोट दाखवलं.

२१ मार्च

खोली राहणार. बाईसाहेबांनी सकाळी स्वतः कंपनीला फोन केला. मला सुटली नाही तो दोष माझा, खोली पाहिजेच, मी जबाबदारी घेते, असं सांगितलं. धाकटा म्हणतो, ती त्यांच्याशी एवढी भांडली की त्यांनी हात टेकले.

म्हणजे मी जिंकले. जेवण गेलं नाही, ते उन्हामुळे असेल.

मूठ उघडून द्यायला मला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागणार नाही. पण शेवटची प्रत आता बाईसाहेबांच्या ताब्यात आहे, तिला सांगितल्याशिवाय त्यात टाचणीही हलत नाही. दुपारी मी तिला फोन लावला. म्हटलं, "ते खोलीचं..."

"थांबा, थांबा, ताई, सांगू नका!" ती घाईघाईने म्हणाली. "मी घरी परत पहिल्यापासून सुरू केलंय. उत्तर सांगितलं की कोडं मेलं. मी शोधणारच."

आणि फोन ठेवला. दोष देऊ तरी कोणाला.

२२ मार्च

रविवार. मी त्यांच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. मागे टेबलावर गेम चालू होता, शेवटची खोली, ऊन जमिनीवर पडलेलं.

चप्पल काढायच्या आधीच मी सांगून टाकलं. आरसाच हवा. तो मुठीत गेला. मूठ मी रागात केली, त्या दिवशी लक्षात आलं नाही. खोली कोणालाच सुटणार नव्हती.

तिने वळून टेबलावरच्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मला जमलं होतं?"

"हो."

"कधी?"

"आत गेलीस तेव्हाच."

तिचा चेहरा असा उजळला की मी खाली बघितलं. "अहो," तिने आत हाक मारली, "ऐकलंत का? मला जमलं होतं! ताई म्हणतात, मला जमलं होतं!" धाकटा तोंडाला साबणाचा फेस तसाच घेऊन बाहेर आला. आणि तेवढ्यात तिचं हसू ओसरलं.

"ताई, हे तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "मूठ मिटली तेव्हा."

"परवा? मी खेळत असताना?"

"हो."

"मग मी देऊळभर पायपीट करत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं? सुरी उन्हात धरत होते तेव्हा? आणि मी वळून विचारलं तेव्हा?"

मी म्हटलं, "नियम तुझाच होता."

धाकटा म्हणाला, "ताई!" तेवढंच. अशा आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. "चुकलात त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "चुका पकडायलाच मी आले होते ना तिथे? तुम्ही एक शब्द बोलला असतात तर आपण तिथेच हसलो असतो. मी तुमची खोली वाचवायला कंपनीशी भांडले, ह्यांच्याशी भांडले. तुमच्यासारखं एकतरी कोडं मला रचता यावं असं वाटायचं मला. आता मी त्या खोलीसाठी कोणाशी भांडणार नाही. उद्या फोन करून माझा शब्द परत घेते."

"मूठ मी आत्ता उघडून देते. दोन मिनिटांचं काम आहे."

"तुमची तुम्ही उघडा, नाहीतर ठेवा मिटलेली," ती म्हणाली आणि दार लावलं. मी बाहेरच उभी होते, चप्पल पायातच होती.

मी आपणहून सांगायला गेले होते, हे कोणी लक्षात घेत नाही.

२३ मार्च

कंपनीने खोली काढायला सांगितली. प्रतीला एक दिवस जास्त दिला. मूठ उघडली तरी आता खेळायला माणूस कोण बसवणार, बाईसाहेब रजेवर आहेत. आई माझ्याशी बोलत नाही, त्यांच्याकडेच गेली आहे.

२४ मार्च

सकाळी धाकटा माझ्या टेबलाशी आला. खोली काढायला फाइल उघडावी लागते. मी पासवर्ड टाकून दिला. म्हटलं, काढायच्या आधी एकदा बघून तरी घे.

त्याने एम दाबलं. पिशवीत आरसा होता. त्याने तो उन्हात धरला, ऊन भिंतीवर चढवत चढवत राणीच्या चेहऱ्यावर नेलं. तिचे डोळे उघडले. चित्रकाराने ते डोळे फार छान काढले आहेत, त्याला मी तसं सांगितलेलं नाही. मग झाकण सरकलं आणि धाकटा पेटीत वाकून बघायला लागला.

"ताई, आत काही दिसत नाही."

"नाहीच आहे काही."

"म्हणजे? खेळणारा एवढं सगळं करून इथे येणार, त्याला काय मिळणार होतं?"

मी म्हटलं, "ते अजून ठरवलं नव्हतं. कोणी तिथपर्यंत पोचेल असं वाटलंच नाही कधी."

"तीन वर्षं तू नुसतं झाकणच करत होतीस?"

तो त्या रिकाम्या पेटीकडे बराच वेळ बघत राहिला. एवढं काय बघण्यासारखं होतं कोण जाणे, पेटीचा तळ तर रंगवलेलाही नव्हता. मग त्याने खोली काढून टाकली.